सत्र संपल्यावर वस्तीत काय उरते? अभियांत्रिकी आणि डिझाइनच्या शिक्षणातील सहभागी डिझाइनविषयी

यंत्र_अध्यापक (धागाकर्ता)

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो आराखडा आणला, त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. तेव्हापासून मुंबईतील अभियांत्रिकी, वास्तुकला आणि डिझाइनचे विद्यार्थी धारावी, गोवंडी, मानखुर्द, वरळी कोळीवाडा अशा ठिकाणी पूर्वीपेक्षा अधिक जाऊ लागले आहेत. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. ही संधी मोलाची आहे असे मला मनापासून वाटते आणि म्हणूनच तिची आज जी हेळसांड होते आहे त्याविषयी लिहीत आहे.

जानेवारीत सत्र सुरू होते आणि विषय ठरेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. त्यानंतर दोन-तीन भेटी, एक प्रश्नावली, कार्यशाळेत केलेला एक नमुना आणि एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा. मे महिन्यात तो नमुना विभागातल्या कपाटावर चढलेला असतो आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांनी तो एकदाच, तोही छायाचित्रापुरता, हाताळलेला असतो. मुलांना वस्तीविषयी कळकळ नसते म्हणून असे होते, हे मला मान्य नाही. मुले जीव तोडून काम करतात. अडचण वेळापत्रकात आणि गुणदानाच्या तक्त्यात आहे. विषय महाविद्यालयात ठरतो, नमुन्याची संकल्पना मार्गदर्शक मंजूर करतो, गुण बाहेरून आलेला परीक्षक देतो आणि वस्तीतल्या माणसाच्या वाट्याला फक्त प्रश्नांची उत्तरे देणे येते.

सहभागी डिझाइन, म्हणजे वस्तू वापरणाऱ्यांनाच तिच्या रचनेच्या निर्णयात घेणे, या पद्धतीचा उगम पाहिला तर चित्र निराळे दिसते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला बरोबर घेतले, कारण कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकप्रणालीचा आपल्या कामावर काय परिणाम होईल हे कामगारांना स्वतः समजून घ्यायचे होते आणि त्यावर व्यवस्थापनाशी बोलणी करायची होती. पुढे १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘यूटोपिया’ प्रकल्पात छापखान्यातील कामगारांनी संशोधकांबरोबर बसून पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या नमुन्यांवर पान जुळवणीचे काम करून पाहिले आणि मग साधन कसे असावे हे सांगितले. या सर्वामागे संघटित माणसांचा हक्क उभा होता. १९८२ च्या गिरणी संपाने ज्या शहराचे रूप पालटले, त्या शहरात मी शिकलो. परंतु यंत्र चालवणाऱ्याला यंत्राच्या रचनेत मत असावे, ही गोष्ट माझ्या संपूर्ण शिक्षणात कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे, मत विचारणे आणि समितीवर एखादी जागा देऊन समाधान करणे या मधल्या पायऱ्यांना त्यांनी प्रतीकात्मक सहभाग म्हटले, कारण त्या ठिकाणी लोक बोलू शकतात, पण निर्णय त्यांच्या हाती नसतो. आपले बहुतेक विद्यार्थी प्रकल्प याच मधल्या पायऱ्यांवर अडकलेले आहेत असे मला दिसते. येथील वास्तुरचनाकार, पालिकेत काम केलेले अभियंते, वस्त्यांत राहणारे आणि अशा प्रकल्पांतून गेलेले विद्यार्थी यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. निर्णयातला वाटा अभ्यासक्रमात नेमका कोठे आणि कसा देता येईल, यावर मला विशेष ऐकायचे आहे.

वास्तुरचना_दादर

मुंबईत या विषयाची शिकवण महाविद्यालयांच्या आधी पदपथांवर झाली आहे आणि ती आपल्या अभ्यासक्रमात यायला हवी. ‘स्पार्क’ ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांच्या ‘महिला मिलन’ या संघटनेसोबत तिने घरांच्या रचनेवर काम केले. त्या बायकांनी साड्या धरून उंची आणि लांबी मोजली, कारण मीटर आणि फुटांपेक्षा साडीचा अंदाज त्यांना पक्का होता. त्यातून चौदा फूट उंचीच्या आणि पोटमाळा असलेल्या घराची कल्पना पुढे आली, पूर्ण आकाराचे नमुने उभे राहिले आणि त्यांची प्रदर्शने भरली. त्यांत बायका येत, आत शिरून पाहत, स्वयंपाकाची जागा, झोपायची जागा यांवर वाद घालत. जमिनीवरचे चौरस फूट वाढवता येत नाहीत हे त्यांना पुरते ठाऊक होते, म्हणून त्यांनी वरची हवा मागितली. असा विचार आमच्या पिढीतल्या वास्तुरचनेच्या वर्गात सहज सुचला असता असे मला वाटत नाही.

सार्वजनिक शौचालयांचे उदाहरण याहून बोलके आहे. याच संघटनांनी १९९९ नंतर पुण्यात आणि पुढे मुंबईच्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात जी शौचालये उभारली, त्यांत लहान मुलांसाठी वेगळा भाग होता. मोठ्यांच्या रांगेत मुलांना कुणी पुढे जाऊ देत नाही, मोठ्या भांड्याची आणि अंधाराची त्यांना भीती वाटते आणि म्हणून ती उघड्यावर बसतात, हे आयांनी सांगितले होते. स्त्रियांची आणि पुरुषांची रांग वेगळी झाली, देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली मिळाली. आराखड्यात नंतर घातलेल्या या सोयी नव्हत्या. रोज रांगेत उभे राहणारी माणसे आराखडा काढतानाच हजर होती, म्हणून त्या आल्या.

आपल्या शहरात जुहूच्या कमला रहेजा विद्यानिधी वास्तुकला संस्थेने धारावीवर दीर्घकाळ काम केले आहे आणि ‘पुकार’ या संस्थेने कौला बंदरसारख्या वस्तीत तिथल्याच तरुणांना संशोधक म्हणून तयार केले आहे. दोन्हींत मला महत्त्वाची वाटते ती एकाच ठिकाणी टिकून राहण्याची तयारी.

निवृत्त_पालिका_अभियंता

वरील दोन्ही लेखन आवडले, तरीही एक आक्षेप स्पष्टपणे नोंदवतो. अभियांत्रिकीतील काही निर्णय बहुमताने घेता येत नाहीत. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधल्या होत्या, पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाने ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरवले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वाहिनीचा व्यास, तिचा उतार, भरतीच्या वेळी समुद्राची पातळी यांचे गणित गल्लीतल्या बैठकीत ठरत नाही. विद्यार्थ्याला आधी हे गणित पक्के यायला हवे. ‘लोकांना विचारा’ या आग्रहात ते मागे पडले, तर त्याची किंमत त्याच वस्तीला मोजावी लागेल.

दुसरी गोष्ट शहराच्या विकास आराखड्याची. २०१५ च्या फेब्रुवारीत आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती आणि सूचनांचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्याने करावा लागला. सध्याच्या जमीन वापराच्या नकाशातच चुका राहिल्या होत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. लोकांचा सहभाग कागद तयार झाल्यानंतर आला, तर तो हरकतीच्या रूपातच येतो आणि त्यातून कटुता वाढते. त्यामुळे सहभागाला माझा विरोध नाही, परंतु तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या प्रश्नावर हवा हे विद्यार्थ्यांना नीट शिकवले पाहिजे.

गोवंडीकर

मी गोवंडीतल्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते आणि आमच्या इमारतीच्या सोसायटीचे काम पाहते. आमच्याकडे सर्वेक्षणाला येणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. प्रत्येक वेळी नवी मुले, नवी प्रश्नावली आणि तेच प्रश्न: घरात किती माणसे, पाणी किती वेळ, कचरा कुठे टाकता. मुले गुणी असतात, चहा देताना संकोचतात, जाताना ‘काकू, परत येऊ’ म्हणतात. पुढच्या वर्षी दुसरी येतात. आधीच्यांचा अहवाल कुठे आहे असे विचारले की त्यांना तो ठाऊक नसतो, आणि तो मिळालाच तर इंग्रजीत असतो.

आमच्या भागातील इमारती इतक्या जवळजवळ आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या इकडच्या पुनर्वसन वसाहतींवरचा २०१८ मधला अभ्यास अनेकांना माहीत असेल. खालच्या मजल्यांवर जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे क्षयरोग अधिक, असे त्यातून पुढे आले. त्या अभ्यासाने आम्हाला बोलण्यासाठी आधार दिला. आमच्या अनुभवाला आकड्यांचे बळ मिळाले, हा अभ्यासाचा खरा उपयोग मी मानते.

अभियंता साहेबांच्या म्हणण्यावर एवढेच सांगते की वाहिनीचा व्यास आम्ही ठरवणार नाही. पण पाणी आधी कोणत्या जिन्यापाशी चढते, कोणत्या चेंबरवर कुणी ओटा बांधला आहे आणि पंप बंद पडला की चावी कुणाकडे असते, हे तुमच्या नकाशात कधीच नसते. ते आम्हाला विचारल्याशिवाय केलेले गणित आमच्या अंगणात चुकते.

मुलांनी येण्याआधी आम्हाला विचारावे की या वर्षी काय करायचे. गेल्या वर्षी आमच्याकडे लिफ्ट महिनोन्‌महिने बंद होती आणि वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचे रेशन, औषधे आणि पाण्याचे कॅन वर कसे न्यायचे हा आमचा रोजचा प्रश्न होता. त्या काळात आलेल्या गटाने आमच्यासाठी ‘स्मार्ट कचरापेटी’ केली.

अंतिम_वर्ष_यंत्र

मी विद्यार्थी आहे. आमच्या गटाचा अनुभव लिहितो, कारण गोवंडीकर ताईंनी जे लिहिले ते आम्ही दुसऱ्या बाजूने पाहिले आहे.

आमचा विषय धारावीत घरी पापड लाटणाऱ्या बायकांसाठी सौर वाळवणी यंत्र असा होता. तो आम्ही महाविद्यालयातच ठरवला होता. तिथे बायका पापड वाळत घालतात ते उलट्या ठेवलेल्या बांबूच्या मोठ्या टोपल्यांवर. टोपलीच्या घुमटावर पापड गोल गोल मांडलेले असतात आणि अशा टोपल्या गल्लीभर पसरलेल्या असतात. आम्हाला त्यात धूळ, माशा आणि जागेचा अपव्यय दिसला, म्हणून काचेचे झाकण असलेली पेटी काढली. ती पाहून एका मावशींनी टोपली एका हाताने उचलली आणि भिंतीला लावून दाखवली. हातगाडी आली, कुणाची मयत निघाली किंवा ढग भरून आले, की पंधरा-वीस टोपल्या क्षणभरात कडेला होतात आणि गल्ली मोकळी होते. आमची पेटी दोन माणसांनीसुद्धा उचलता आली नसती. शिवाय गल्ली कुणा एकीची नाही; तिथे कायमची वस्तू ठेवली तर शेजारणीशी भांडण ठरलेले. टोपल्या राखताना पोरांकडेही लक्ष राहते, त्यामुळे काम माळ्यावर किंवा घरात नेणे त्यांना नको होते.

त्यानंतर त्यांच्याशी बोलताना वेगळाच प्रश्न पुढे आला. पावसाळ्यात काम बुडते ते ऊन नसते म्हणून, हे आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांना त्याहून अधिक त्रास होत होता तो पाठीचा आणि गुडघ्यांचा, कारण लाटण्याचे काम तासन्‌तास जमिनीवर बसून चालते. आम्हाला तिकडे वळायचे होते. परंतु प्रकल्पाचा सारांश महाविद्यालयात आधीच मंजूर झाला होता आणि विषय बदलला तर गुण जातील असे सांगण्यात आले. शेवटी पेटीच सादर केली. तिला चांगले गुण मिळाले, आणि मला आजही वाटते की त्या गुणांचा त्या बायकांच्या कामाशी काही संबंध नव्हता.

यंत्र_अध्यापक

पापडाच्या टोपलीचा अनुभव आमच्या विभागात सर्वांना वाचून दाखवावा असा आहे. पायाला चाक नसलेली, वीज न लागणारी, एका हाताने हलणारी आणि पडली तर न फुटणारी ती टोपली त्या गल्लीच्या सर्व अटी पाळते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्याला गरजांची यादी म्हणतात, ती तिथे आधीच लिहिलेली होती. ती वाचायला वेळ द्यायला हवा होता, आणि तो वेळ सत्राच्या रचनेने दिला नाही.

निवृत्त अभियंता साहेबांचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि त्यातच शिकवण्याचा खरा गाभा आहे असे मानतो. सुरक्षितता, भार, पाण्याचा वेग यांत तडजोड नाही. पण प्रश्न कोणता सोडवायचा, कोणत्या गैरसोयीच्या बदल्यात कोणती सोय चालेल, देखभाल कुणाच्या खिशातून होईल, हे मूल्यांचे निर्णय आहेत आणि तिथे अभियंत्याचे मत इतरांपेक्षा जड धरण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला हा फरक प्रत्यक्ष वस्तीत बसून करता यायला हवा: हे गणित माझे, हा निर्णय तुमचा, आणि या ठिकाणी आपण दोघांनी मिळून मोजू.

डिझाइन_पवई

विषय बदलण्याचा अधिकार आणि सत्रापलीकडे चालणारे काम, या दोन गोष्टी जमल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘एपिक्स’ कार्यक्रमात प्रकल्प एखाद्या स्थानिक संस्थेसोबत अनेक वर्षे चालतो. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकाच गटात असतात, जुने बाहेर पडतात आणि नवे येतात, त्यामुळे गटाची आठवण शाबूत राहते. ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ १९९३ पासून अलाबामातील हेल काउंटीत मुक्काम ठोकून आहे. ज्यांची घरे बांधली ते शेजारीच राहतात, त्यामुळे गळणाऱ्या छपराची तक्रार वर्गापर्यंत पोचते.

पण इतके दूर जायची गरज नाही. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासून आहे आणि ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचा विचार करणारे ‘सितारा’ केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. ‘सितारा’च्या विद्यार्थ्यांनी कर्जत आणि मोखाड्यासारख्या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास केला. योजना बंद का पडते हे शोधताना त्यांना पंपाइतकेच वीजबिल, ग्रामपंचायतीची वसुली आणि टाकीची उंची पाहावी लागली. हीच दिशा पुढे ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ने इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी खुली केली. मुंबईच्या महाविद्यालयांनी आपल्या वॉर्डाला असाच आपला तालुका मानावे, अशी माझी सूचना आहे. एका विभागाने एक वॉर्ड धरावा आणि दहा वर्षे सोडू नये.

पैशांचाही प्रश्न आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. लाटण्याच्या हिशेबावर जगणारी बाई तीन तास आपल्या बैठकीला बसते, तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. परीक्षकाला मानधन मिळते, तसे तिलाही मिळाले पाहिजे, आणि ते विभागाच्या अंदाजपत्रकात लिहिलेले असले पाहिजे. मुलांनी आपल्या खिशातून देणे योग्य नाही.

निवृत्त_पालिका_अभियंता

मानधनाची सूचना अतिशय रास्त आहे. माझा एक व्यवहारातला प्रश्न आहे. विद्यार्थ्यांनी केलेली वस्तू वस्तीत कायमची बसवली आणि तिच्यामुळे कुणाला इजा झाली, तर जबाबदारी कुणाची? महाविद्यालयांनी याचे लेखी उत्तर द्यायला हवे. माझ्या मते बसवण्याआधी पात्र अभियंत्याची सही, सोसायटीचा लेखी ठराव आणि वस्तू काढून टाकण्याचा सोसायटीचा निर्विवाद हक्क, या तिन्ही गोष्टी असाव्यात. काढून टाकण्याचा हक्क मी मुद्दाम लिहितो, कारण नको असलेली वस्तू ‘कॉलेजने दिली’ म्हणून वर्षानुवर्षे अडगळ होऊन पडलेली मी पाहिली आहे. तपासणीचे आणि सहीचे काम करायला मी तयार आहे.

यंत्र_अध्यापक

आपण सर्वांनी जे लिहिले त्यावरून जुलैपासूनच्या सत्रासाठी विभागापुढे एक प्रस्ताव ठेवत आहे. विषय जूनमध्ये वस्तीत ठरेल आणि ऑगस्टअखेरपर्यंत तो बदलण्याची मुभा राहील. बदलाचे कारण नीट मांडले तर त्याचे गुण मिळतील. अंतर्गत गुणांपैकी निम्मे गुण देण्याच्या बैठकीत वस्तीतील दोन प्रतिनिधी परीक्षक म्हणून बसतील आणि त्यांना परीक्षकाचेच मानधन मिळेल. अहवाल मराठीत आणि हिंदीत सोसायटीच्या कार्यालयात राहील. पुढच्या वर्षीच्या गटाला मागच्या वस्तूची दुरुस्ती केल्याशिवाय नवे काम सुरू करता येणार नाही. शेवटच्या अटीला विभागात सर्वांत अधिक विरोध होईल असा माझा अंदाज आहे, कारण दुरुस्तीला नावीन्याचे गुण मिळत नाहीत. परंतु मोडलेली वस्तू उघडून पाहण्याइतके शिक्षण दुसऱ्या कशात नाही, यावर मी ठाम आहे.

गोवंडीकर ताई, लिफ्ट बंद असताना सामान वर नेण्याचा प्रश्न आजही तसाच असेल, तर पहिला विषय तोच धरू. तुमच्या सोसायटीच्या नावे पत्राचा मसुदा केला आहे. जूनमधल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला बैठक, असे त्यात लिहिले आहे. पाठवण्याआधी तुम्ही वाचून बदल सुचवावेत.

गोवंडीकर

मसुदा वाचला. विषय चालेल, लिफ्ट सुरू झाली आहे पण तिचा भरवसा नाही. सकाळी अकराची वेळ मात्र बदला. त्या वेळी आमच्याकडे पाणी येते आणि एकही बाई खाली उतरणार नाही. जे येतील ते फक्त पुरुष असतील आणि सामान वर नेण्याचे काम ते करत नाहीत. रात्री साडेनऊनंतर ठेवा, सोसायटीच्या कार्यालयात नको, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी ठेवा. पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरच्या आजींना तिथपर्यंत उतरता येते, त्याखाली नाही. आणि मुलांना सांगा, येताना मोजपट्टी आणा, जिन्याचे वळण आधी मोजून घेऊ.